उकंडा

माझ्या धंद्यालाही एक देव आहे
हे मला छप्पनाव्या वर्षी कळलं.

तोंड कोल्ह्याचं, धड माणसाचं, रंग काळा.
नाइलच्या गाळासारखा, सुगंधा म्हणाली,
आणि मला पवनीच्या घाटावरचा गाळ आठवला,
चपलेला लागला की तीन दिवस निघत नाही.
वाचनालयाच्या रद्दीतून तिनं पुस्तक आणलं होतं,
पुठ्ठा नाही, शेवटची पानं वाळवीची.
"बाबा, हा पाहा. हा मढे चिरते, धुते, मीठ लावते,
अन् मंग हात धरून तिकडे नेते."
"पगार किती?" मी विचारलं.
ती हसली नाही.
माझ्या नोकरीवरून दोनदा
पाहुणे चहा न घेता उठून गेले होते.

परवा उकंडा नान्हे आला.
आला म्हणजे आणला, त्याच्याच डोंग्यातून.
वैनगंगेनं दोन दिवस ठेवून घेतला होता.
डॉक्टर नवीन, नाशिककडचे.
विचारतात, हे कसलं नाव?
मी सांगितलं, साहेब, आधीची चार गेली
की पाचव्याला उकिरड्यावर लोळवतात,
केरासारखं टाकतात, सुपात घालून परत आणतात.
मरण येतं, बघतं, कचरा समजून निघून जातं.
डॉक्टरांनी ते लिहिलं नाही.
त्याला रकाना नसतो.

पुस्तकात शेणकिडाही देव आहे.
गोळी लोटत लोटत
तो रोज सकाळी सूर्य वर आणतो.
सुगंधाला हसू आलं, मला नाही.
एकाहत्तर वर्षं चाललेला माणूस
मी उकिरड्यातून निघालेला पाहिला आहे.

बरण्या भरल्या. मिठाचं पाणी, लाखेचं सील, नागपूर.
त्यांच्याही चार असत,
झाकणांवर माणूस, माकड, कोल्हा, ससाणा.
आमच्या झाकणांवर लेबल,
अक्षर माझं, जरा तिरकं.

काळीज मात्र ते आतच ठेवत.
तिकडे गेल्यावर तोलायचं असे,
एका पारड्यात काळीज, दुसऱ्यात एक पीस,
आणि बाजूला लिहायला उभा
धानातल्या शराटीसारख्या वाकड्या चोचीचा कारकून.
आमच्या काट्याला पारडं एकच.
तीनशे दहा ग्राम, मी म्हणालो.
मास्कमागून डॉक्टर म्हणाले, तीनशे दहा.
लिहिलं. चहाला गेले.

व्हेंटिलेटरात पारव्यांचं घरटं आहे.
पिसं रोजच पडतात, रोज झाडतो.
त्या दिवशी एक उचलून काट्यावर ठेवलं.
काटा हलला नाही.
मग कोणाचं उतरेल याच्या बरोबरीला?

बेचाळीस वेळा 'नाही' म्हणावं लागतं तिथं.
मी चोरलं नाही. मी कोणाला रडवलं नाही.
(इथं उकंडा जरा अडखळला असता,
पारबताबाईला विचारा.)
आणि एक असं :
मी वाहतं पाणी अडवलं नाही.
हे तो छाती पुढे काढून म्हणाला असता.
गोसेखुर्दच्या भिंतीखाली
सात वर्षं रिकामं जाळं झटकलं त्यानं.

शिवून झालं. काळीज जागच्या जागी ठेवलं,
नियमात आहे तसंच,
पण या वेळी दोन्ही हातांनी.

पारबताबाई दारातच बसल्या होत्या, काळी पिशवी मांडीवर.
"समदं हाय ना भाऊ अंदर?"
त्या देवांच्या गोष्टीतही एक बाई
नवऱ्याचे तुकडे नदीकाठी गोळा करत हिंडते.
सगळे सापडतात, एक सोडून. तो मासा खातो.
मी खाली बघत म्हणालो,
डाव्या हाताचं एक बोट नाही, मासोळीनं...
त्यांनी पदर सावरला.
"खाऊ दे. त्यानं का कमी खाल्ल्या?"

परत येताना सायकल हातात धरून चाललो.
बांधीत रोवणा चालला होता.
बाया कमरेत वाकलेल्या,
हात चिखलात, पाय चिखलात,
पाठीवर अख्खं आभाळ.
सुगंधाच्या पुस्तकात अशीच एक बाई आहे वाकलेली,
संध्याकाळी सूर्य गिळते.
पुढचं पान वाळवीनं खाल्लंय.